इस्टेट एजंटमार्फत घर, प्लॉट किंवा जमीन घेता-विकताना: बेळगाव सीमाभागातील ग्राहकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव शहर व तालुका, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या भागांत घर, प्लॉट किंवा शेतजमिनीचा व्यवहार बहुधा एजंटमार्फतच होतो. शब्दाला जागणारे एजंट येथे आहेत आणि त्यांच्यामुळे अनेकांना हक्काचे घर मिळाले आहे. तरीही ज्या तक्रारी कानावर येतात, त्यांपैकी बहुतेकींचे मूळ एकाच ठिकाणी सापडते. जमिनीचे आजचे दप्तर कन्नडमध्ये आहे, घेणाऱ्या मराठी माणसाला ते नीट वाचता येत नाही, आणि त्यामुळे कागदात काय लिहिले आहे हे त्याला अशा व्यक्तीच्या तोंडून ऐकावे लागते जिला तो व्यवहार झाला तरच कमिशन मिळणार असते. पुढील उत्तरे ही अडचण डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

कागदपत्रे कन्नडमध्ये आहेत आणि एजंट ती वाचून समजावून देतो. तेवढ्यावर विसंबून राहावे का?

राहू नये. एजंट खोटेच बोलेल असे नाही, परंतु जे व्यवहाराच्या आड येईल ते तो आपणहून वाचून दाखवेल अशी अपेक्षा ठेवणे चुकीचे आहे. आरटीसी, म्हणजे आपल्याकडे ज्याला उतारा म्हणतात, त्याचेच उदाहरण घ्या. उताऱ्याच्या नवव्या रकान्यात मालकाचे नाव, क्षेत्र व खाते क्रमांक असतो, दहाव्यात ती जमीन त्याच्याकडे कशी आली हे फेरफाराच्या क्रमांकासह नोंदलेले असते आणि अकराव्यात इतर हक्क व बोजे असतात. मोबाईलवर उताऱ्याचा फोटो दाखवताना एजंट नवव्या रकान्यावर बोट ठेवून मालकाचे नाव वाचतो, क्षेत्र सांगतो आणि लगेच फोटो पुढे सरकवतो. अकराव्या रकान्यात कृषी पत्तीन संघाचे पीककर्ज, बँकेचा बोजा, न्यायालयाचा मनाई हुकूम किंवा भूसंपादनाची नोंद असू शकते, आणि ग्राहकाचे नुकसान होते ते नेमके तेथेच.

सर्व्हे नंबर व हिस्सा नंबर माहीत असेल तर उतारा राज्य सरकारच्या ‘भूमी’ प्रणालीवर कोणालाही पाहता येतो. ‘दिशांक’ या मोबाईल ॲपवर आपण उभे आहोत ती जागा कोणत्या सर्व्हे नंबरात येते हेही दिसते. दाखवलेली जमीन एक आणि कागद दुसऱ्याच जमिनीचे, हा प्रकार त्यामुळे जागच्या जागी उघडकीस येऊ शकतो. एजंट सर्व्हे नंबर सांगायला टाळाटाळ करत असेल, ‘आधी टोकन द्या, मग नंबर देतो’ म्हणत असेल, तर तेथेच थांबावे.

उताऱ्यानंतर ईसी, म्हणजे ऋणभार प्रमाणपत्र, काढावे. ते कावेरी पोर्टलवर मिळते आणि शक्य असल्यास मागील तीस वर्षांचे घ्यावे. मात्र ईसीमध्ये केवळ नोंदणीकृत व्यवहार दिसतात. नोटरीकडे केलेला संचकार करार (विसार देऊन केलेला खरेदीचा करार), घरातल्या घरात झालेली तोंडी वाटणी किंवा दिवाणी न्यायालयात चालू असलेला दावा त्यात दिसेलच असे नाही. म्हणून ‘ईसी निल आहे’ हे एजंटचे वाक्य खरे असूनही पुरेसे नसते. टिळकवाडी, शहापूर, अनगोळ यांसारख्या शहरी भागात सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबरचे प्रॉपर्टी कार्ड आणि महापालिकेचा ई-खाता (मालमत्तेची संगणकीकृत नोंद) या दोहोंवरील नाव व क्षेत्र एकमेकांशी जुळते का, हे ताडून पाहावे लागते.

आपल्या भागात याला आणखी एक पदर आहे. हा भाग १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे जुनी वाटणीपत्रे व खरेदीखते मराठीत आणि त्यांतील काही मोडीत सापडतात. कन्नड उतारा अचूक असला तरी त्याच्या मुळाशी असलेला मोडी दस्त कोणी वाचलेलाच नसतो, आणि एका भावाचा हिस्सा त्यातच दडलेला असतो. अशा वेळी मोडी जाणकाराकडून लिप्यंतर करून घेणे आवश्यक आहे. कागद तपासणारा वकील आपण निवडलेला असावा, एजंटने सुचवलेला नसावा. त्याची फी जागेच्या किमतीच्या मानाने किरकोळ असते, आणि ती वाचवण्याच्या नादात आयुष्याची पुंजी धोक्यात घालणारी कुटुंबे पाहिली की मन विषण्ण होते.

शेतातील प्लॉट स्वस्त मिळत आहे. ‘एनए (बिगरशेती) होणारच आहे’ असे एजंट सांगतो. घ्यावा का?

कंग्राळी, उचगाव, मच्छे, पिरनवाडी, येळ्ळूर, सांबरा या बाजूला गेले की शेतात चुन्याच्या रेषा आखलेल्या दिसतात आणि तीस बाय चाळीसचा, म्हणजे १२०० चौरस फुटांचा प्लॉट सांगितला जातो. गुंठा १०८९ चौरस फुटांचा असल्यामुळे हा प्लॉट एका गुंठ्याहून थोडा मोठा होतो. जमीन बिगरशेती झालेली नसेल आणि लेआउटला नियोजन प्राधिकरणाची (बेळगाव शहर परिसरात बुडाची) मंजुरी नसेल, तर तुमच्या हातात स्वतंत्र प्लॉट येत नाही. अनेकदा एका सर्व्हे नंबराच्या उताऱ्यावर दहा-वीस अनोळखी माणसांची नावे सामायिक लागतात, आणि मग एकाला कर्ज हवे असो वा विक्री करायची असो, उरलेल्यांच्या दारात जावे लागते.

‘होणारच आहे’ याला कायद्याच्या दृष्टीने काहीही किंमत नाही. कर्नाटक जमीन महसूल अधिनियम, १९६४ च्या कलम ९५ खालील बिगरशेती आदेश आणि मंजूर लेआउट नकाशा या दोन गोष्टी हातात घेऊन पाहाव्यात. सर्व्हे नंबरातील काही भागच विकला जात असेल तर ११-ई नकाशा (विकल्या जाणाऱ्या भागाची मोजणी करून काढलेला नकाशा) झाला आहे का, हे विचारावे. ग्रामपंचायत हद्दीत ई-स्वत्तू या मालमत्ता नोंदींच्या प्रणालीतील नमुना ९ व ११-अ मागावा. मंजुरी नसलेल्या मालमत्तेचा नमुना ११-ब दाखवून ‘हेही तेच आहे’ असे सांगितले जाते, पण ते तेच नसते. शहरातील बी-खात्याचेही (अनधिकृत मालमत्तेच्या नोंदीचेही) तसेच आहे. त्यावर कर भरता येतो, परंतु कर भरल्याने अनधिकृत लेआउट अधिकृत होत नाही.

रिंगरोड आणि हलगा–मच्छे बायपास यांची नावे घेऊन भाव वाढवणाऱ्या जाहिरातींबाबत विशेष सावध राहावे. रस्त्यालगतची म्हणून दाखवलेली जमीन प्रत्यक्षात रस्त्यासाठी संपादित होणाऱ्या क्षेत्रात तर नाही ना, याची चौकशी भूसंपादन अधिकाऱ्यांच्या कार्यालयात केल्याशिवाय पैसे देऊ नयेत. तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांना सरकारने दिलेली जमीन असेल, तर १९७८ च्या कर्नाटक कायद्यानुसार शासनाच्या पूर्वपरवानगीविना झालेले तिचे हस्तांतर रद्द होऊ शकते. ही बाब एजंट क्वचितच काढतात.

‘तुम्ही शेतकरी नाही, म्हणून जमीन तूर्त माझ्या नावावर घेऊ’ असे एजंट म्हणतो. हे योग्य आहे का?

मुळीच नाही. कर्नाटकात २०२० च्या दुरुस्तीने जमीन सुधारणा कायद्यातील ७९-अ व ७९-ब ही कलमे वगळण्यात आली आहेत, त्यामुळे शेतकरी नसणे ही सबब उरलेली नाही. पैसे आपले आणि नाव दुसऱ्याचे, असा व्यवहार बेनामी ठरून जमीनच जप्त होण्याची भीती असते.

टोकन दिले, पुढे व्यवहार मोडला आणि एजंट पैसे परत करत नाही. काय करावे?

सर्वाधिक मनस्ताप देणारी तक्रार हीच आहे. ‘दुसरी पार्टी तयार आहे, आज संध्याकाळपर्यंत टोकन दिले नाही तर घर जाईल’ असा निरोप येतो, घाईघाईने पंचवीस-पन्नास हजार रुपये रोख दिले जातात आणि पावती म्हणून एजंटच्या व्हिजिटिंग कार्डाच्या मागे रक्कम व तारीख लिहून मिळते. त्या कार्डावर मालकाचे नाव नसते, मालमत्तेचा नंबर नसतो आणि कोणत्या अटीवर पैसे परत मिळतील हेही नसते. नंतर बँक कर्ज नाकारते किंवा मालकच किंमत वाढवतो, आणि एजंट सांगतो की टोकन परत मिळत नसते.

असा कोणताही सरसकट नियम नाही. संचकार किंवा विसार जप्त होतो की नाही, हे लेखी अटींवर आणि व्यवहार कोणामुळे मोडला यावर अवलंबून असते. विक्रेत्याच्या मालकीत दोष निघाला किंवा त्याने शब्द फिरवला, तर दिलेली रक्कम परत मागण्याचा घेणाऱ्याला हक्क आहे. रक्कम मालकापर्यंत पोहोचलीच नसेल तर ती परत करण्याची जबाबदारी ज्याने ती घेतली त्या एजंटची असते. प्रथम व्हॉट्सॲपवर स्पष्ट शब्दांत तारीख, रक्कम व कारण लिहून परतफेड मागावी आणि तो संवाद जपून ठेवावा. एजंटने त्यावर ‘देतो, आठ दिवस थांबा’ एवढे जरी लिहिले तरी पैसे मिळाल्याची ती कबुली ठरू शकते. त्यानंतर वकिलामार्फत नोटीस पाठवावी.

ज्यांचे टोकन अजून द्यायचे आहे, त्यांनी रक्कम मालकाच्याच नावाने धनादेशाने किंवा बँकेतून द्यावी. पावतीत सीटीएस अथवा सर्व्हे नंबर, चतुःसीमा, ठरलेली एकूण किंमत, कागद तपासण्याची मुदत आणि कर्ज नाकारले गेल्यास रक्कम परत करण्याची अट असावी, व तिच्यावर मालकाची सही असावी. एका दिवसात हातचे जाणारे घर जाऊ द्यावे. आयकर कायद्यानुसार स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही, त्यामुळे ‘इथे सगळे रोखीनेच चालते’ हा युक्तिवाद ऐकून घेण्याचे कारण नाही.

एजंटने आम्हाला एक भाव सांगितला आणि मालकाला दुसराच. मधली रक्कम त्याने ठेवली. हे कायदेशीर आहे का?

समजा, मालकाला ४२ लाख रुपये हवे आहेत. एजंट घेणाऱ्याला ४७ लाख सांगतो, दोघांची भेट होऊ देत नाही, वरचे पाच लाख रोखीने स्वतः घेतो आणि शिवाय दोघांकडून कमिशन वसूल करतो. हा प्रकार इतका रुळला आहे की अनेकांना त्यात काही गैर आहे असेच वाटत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ मात्र याबाबत स्पष्ट आहे. ज्याने काम सोपवले त्याच्या माहितीविना एजंटने त्या कामात स्वतःचा व्यवहार साधला, तर कलम २१६ नुसार त्याला मिळालेला लाभ मागण्याचा हक्क काम सोपवणाऱ्याला आहे. कामात गैरवर्तन करणाऱ्या एजंटला त्या भागाचा मोबदला मागता येत नाही, असे कलम २२० सांगते.

दोन्हीकडून कमिशन घेणे दोघांनाही ठाऊक असेल आणि मान्य असेल तर त्यास हरकत नाही. आक्षेप आहे तो लपवाछपवीला. संचकार होण्यापूर्वी मालक आणि ग्राहक यांची एकदा समोरासमोर भेट होऊन किंमत दोघांच्या तोंडून बोलली जावी, एवढा एकच आग्रह धरला तरी हा प्रकार बहुतांशी टळतो. एजंट त्या भेटीस विरोध करत असेल, तर त्यामागचे कारण शोधण्यासाठी फार विचार करावा लागत नाही.

नोकरीनिमित्त पुणे, मुंबई किंवा गोव्यात राहणाऱ्या आणि खानापूर किंवा निपाणीकडील वडिलोपार्जित घर विकू पाहणाऱ्यांची फसवणूक याच मार्गाने होते. गावचा भाव त्यांना ठाऊक नसतो, वारंवार येणे जमत नाही, आणि ‘सगळे मी बघतो’ म्हणणाऱ्या एजंटला ते मुखत्यारपत्र देऊन बसतात. मुखत्यारपत्र द्यायचेच असेल तर ते घरातल्या माणसाला, ठरावीक कामापुरते आणि किमान किंमत लिहूनच द्यावे.

कमिशन किती द्यावे आणि केव्हा?

खासगी जुन्या घरांच्या व्यवहारात टक्केवारी ठरते ती आपसांतील कराराने. एक किंवा दोन टक्के सांगण्याची पद्धत आहे, पण तो सरकारी दर नव्हे. महत्त्वाचे हे की वेगळा करार नसेल तर काम पूर्ण होईपर्यंत मोबदला देय होत नाही, असे करार अधिनियमाचे कलम २१९ म्हणते. संचकाराच्या दिवशीच संपूर्ण कमिशन मागितले जाते, आणि एकदा ते हाती पडले की खरेदीखतापर्यंतच्या अडचणींसाठी एजंट फोन उचलत नाही. म्हणून कमिशनचा मोठा भाग खरेदीखत नोंद होईपर्यंत राखून ठेवावा व तसे दोन ओळींत लिहून घ्यावे.

‘बहिणींच्या सह्या नंतर घेऊ’ असे एजंट म्हणतो. धोका आहे का?

मोठा धोका आहे. हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क आहे, आणि हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीवेळी वडील हयात असोत वा नसोत हा हक्क टिकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. लग्न होऊन चंदगडला किंवा कोल्हापूरला गेलेल्या बहिणीचे नाव उताऱ्यावर नाही म्हणून तिचा हक्क संपत नाही. वंशावळ मागावी, तिची खातरजमा गावात करावी आणि सर्व हिस्सेदार खरेदीखतावर असल्याशिवाय उरलेली रक्कम देऊ नये. वृत्तपत्रातील जाहीर नोटीस उपयुक्त आहे, परंतु ती सहीची जागा घेऊ शकत नाही.

शंभर रुपयांच्या बॉण्डवर नोटरी करून घर नावावर होते का?

होत नाही. केवळ मुखत्यारपत्र, करार आणि ताबा देऊन मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे. मालकीसाठी उपनिबंधक कार्यालयात नोंदवलेले खरेदीखत लागते.

एजंटची रेरा नोंदणी असणे बंधनकारक आहे का आणि ती कशी तपासावी?

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६, म्हणजेच रेरा, नुसार ५०० चौरस मीटरपेक्षा (सुमारे पाच गुंठ्यांपेक्षा) अधिक जमिनीवरील किंवा आठहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी आवश्यक असते, आणि अशा प्रकल्पातील प्लॉट किंवा फ्लॅट विकून देणाऱ्या एजंटलाही कलम ९ खाली नोंदणी करावी लागते. नोंदणी नसलेल्या प्रकल्पाची विक्री करून देण्यास कलम १० मनाई करते. या तरतुदी मोडणाऱ्या एजंटला दिवसाला १०,००० रुपये, एकूण मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत, दंड होऊ शकतो. कर्नाटक रेराच्या संकेतस्थळावर एजंट व प्रकल्प दोन्ही शोधता येतात. एजंटच्या नोंदणी क्रमांकात ‘एजी’ ही अक्षरे असतात, त्यामुळे प्रकल्पाचाच क्रमांक स्वतःचा म्हणून दाखवणारा एजंट ओळखता येतो. नोंदणीकृत विक्री करार झाल्याशिवाय विकासकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

केवळ जुनी घरे, पुनर्विक्री किंवा भाड्याची घरे पाहणाऱ्या एजंटला ही नोंदणी लागत नाही. त्याच्याविरुद्ध रेराकडे जाण्यात वेळ वाया जातो.

बेळगावचा एजंट चंदगड तालुक्यातील प्लॉट दाखवत आहे. कोणता कायदा लागू होतो?

जमीन जेथे आहे तेथला. सीमेवरील शिनोळी ओलांडून महाराष्ट्रात गेले की उताऱ्याऐवजी सातबारा येतो आणि कर्नाटक रेराऐवजी महारेरा. एजंटची नोंदणी त्या-त्या राज्यापुरती असते, म्हणून कर्नाटकातील नोंदणी दाखवून महाराष्ट्रातील नोंदणीयोग्य प्रकल्प विकता येत नाही. शिवाय महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीविना घेता येत नाही, आणि ‘फार्महाऊस प्लॉट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या तुकड्यांच्या बाबतीत ही गोष्ट दडवली जाते. तेथील कागद मराठीत असतात ही ग्राहकाची जमेची बाजू आहे. ते स्वतः वाचावेत.

भाड्याचे घर पाहायला एजंट आगाऊ शुल्क मागतो. द्यावे का?

देऊ नये. घर दाखवण्यापूर्वी घेतलेले शुल्क बहुधा परत मिळत नाही, आणि फोटोतील घर ‘कालच गेले’ असे सांगून भलतीच खोली दाखवली जाते. अनामत रक्कम मालकालाच द्यावी.

तक्रार नेमकी कोठे करावी?

विकासकाचा प्रकल्प आणि त्याचा एजंट यांच्याविरुद्ध रेराकडे. प्राधिकरण बेंगळूरला असले तरी तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. एजंटने पैसे घेऊन सेवेत कसूर केली असेल तर बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो तेथेही तक्रार करता येते, ती कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यास काही प्रकरणे तेथेच मिटतात. मात्र मालकाने मोकळा प्लॉट विकला आणि त्यात कोणतीही सेवा नव्हती, असा साधा वाद ग्राहक आयोगाच्या कक्षेत येत नाही. तो दिवाणी न्यायालयात न्यावा लागतो. एकच प्लॉट दोघांना विकणे, बनावट कागद करणे असे प्रकार फौजदारी स्वरूपाचे असल्याने त्यांसाठी पोलिसांत फिर्याद द्यावी.

आदेश मिळाला म्हणजे पैसे हातात आले असे होत नाही. रेराच्या आदेशाची रक्कम महसुली थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची तरतूद आहे, परंतु त्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयाकडे चिकाटीने पाठपुरावा करावा लागतो.

तक्रार मराठीत करता येते का?

गाऱ्हाणे मांडण्यासाठी संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद ३५० ने दिला आहे आणि तो बजावायला हवा. मात्र प्रत्यक्ष सुनावणी आणि आदेश कन्नड किंवा इंग्रजीत असतात, म्हणून मराठी अर्जासोबत त्याचा अनुवाद जोडल्यास विलंब टळतो. खरेदीखताच्या कन्नड मसुद्याचाही मराठी अनुवाद सहीच्या किमान दोन-तीन दिवस आधी मागून घ्यावा. उपनिबंधक कार्यालयाच्या दारात उभे राहून तो वाचून होत नाही.

आमची मूळ कागदपत्रे एजंटने ठेवून घेतली आहेत आणि कमिशन दिल्याशिवाय देत नाही. काय करावे?

कमिशनवरून खरोखरच वाद असेल तर एजंटने ते रीतसर मागावे. त्यासाठी कुटुंबाला वेठीस धरणे समर्थनीय नाही. कागद कोणत्या तारखेला, कशासाठी दिले हे नमूद करून ते परत करण्याची नोटीस पोचपावतीसह पाठवावी, आणि मुदतीत उत्तर न आल्यास पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा. दरम्यान नोंदणीकृत दस्तांच्या प्रमाणित प्रती उपनिबंधक कार्यालयातून काढाव्यात, कारण बहुतेक कामे त्यांवर पुढे नेता येतात. मूळ कागद हरवल्याची खोटी तक्रार मात्र कोणाच्याही सांगण्यावरून देऊ नये. पुढच्या वेळी एजंटला झेरॉक्सच द्यावी, आणि तिच्यावर ‘केवळ पाहण्यासाठी’ असे लिहून तारीख टाकावी.